मागची गाडी वन्संची

वन्सं, आज सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. दारातच उभं राहून आधी ‘बुआजी बहुत याद आती हैं’ म्हणाले, मग घसा खाकरून मुद्द्यावर आले. आपल्या व्हॅनच्या मागे स्कूटर अजून बांधलेलीच आहे, त्यामुळे शेजारच्या फ्लॅटवाल्यांना त्यांची गाडी वळवताना अडचण होते, तेव्हा जमलं तर ती उतरवून ठेवावी. तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. तेरावा उलटून तीन दिवस गेले, म्हणजे बिचाऱ्यांनी बरीच कळ काढली म्हणायची. मी म्हटलं, उतरवून घेते.

ते गेल्यावर मी व्हॅनच्या मागे गेले. गाठी सोडल्या, फळी काढून स्कूटरखालच्या लोखंडी कॅरियरला टेकवली, स्कूटरचं हँडल धरलं आणि तशीच उभी राहिले. ही स्कूटर चढवणं-उतरवणं म्हणजे दोघींचं काम. मी क्लच आणि ब्रेक सांभाळायचा, तुम्ही समोर स्टुलावर बसून हुकूम सोडायचे. ‘डावीकडे घे. अगं, माझी डावी. क्लच सोड हळू. आता थांब.’ इतकी वर्षं मी मनात म्हणत आले की कष्ट माझे, आणि या नुसत्या उंटावरून शेळ्या हाकतात. आज हाकणारं कोणी नव्हतं, तर मागचं चाक फळीवर आहे की हवेत आहे तेच मला कळेना. मी पुन्हा गाठी मारल्या आणि घरात येऊन बसले.

मुक्ता परवाच बंगळूरला परत गेली. तिची रजा संपली. लहानपणी तिला वाटायचं की तिच्या आत्याचं नावच वन्सं आहे. नवऱ्याच्या मोठ्या बहिणीला असं म्हणतात, हे दिल्लीत वाढलेल्या मुलीला कुठून माहीत असणार. तुम्ही मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, ‘शैला, हे वन्सं-बिन्सं सोड, मला अक्का म्हण, तुझा नवरा म्हणतो तसं.’ सासूबाईंच्या धाकाने मी ते ऐकलं नाही, आणि पुढे धाक गेला तरी सवय गेली नाही. आता या जगात मी वन्सं म्हणावं असं दुसरं कोणी नाही. एक शब्दच माझ्याकडे बिनकामाचा राहिला आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा आपण पहाडगंजच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. तुम्ही एकोणतीस वर्षांच्या, मी बाविशीची. तुमच्या दोन्ही पायांना कॅलिपर, काखेत कुबड्या. घरात तुम्ही माझ्यापेक्षा चपळ होतात, पण जिन्यापाशी तुमचं राज्य संपायचं. खाली जायचं तर हे तुम्हाला पाठीवर घ्यायचे, नाहीतर शेजारच्यांना बोलवावं लागायचं. म्हणून महिनामहिना तुम्ही खाली उतरायच्या नाहीत. ‘मला खाली नेणं म्हणजे गॅसचा सिलिंडर नेणं. भरलेला असो की रिकामा, दुसरं माणूस लागतंच,’ असं तुम्ही हसत म्हणायचात. मला तेव्हा ते हसू खरं वाटायचं.

मग ते दिवस आले. ह्यांच्या कंपनीत परदेशी भागीदार आला, ह्यांचा हुद्दा वाढला, आणि यमुनेपलीकडे गाझियाबादच्या हद्दीत, मोहरीच्या शेतांना लागून नव्या इमारती उठत होत्या, त्यातल्या एकीत आपण तळमजला घेतला. बाकीचे लोक तळमजला नको म्हणायचे. डास, गटार, चोर. आपण मागून घेतला. रस्ता नव्हता, पाण्याला टँकर, वीज आली की शेजारीपाजारी एकमेकांना कळवायचे. पण दाराला एकच पायरी होती, आणि ती ह्यांनी पहिल्या आठवड्यातच फोडून तिथे उतार करून घेतला. तुम्ही कुबड्यांवर त्या उतारावरून तीनदा खालीवर केलंत. मग जेवायला बसल्यावर जाहीर केलंत, ‘चलो, आजपासून मला कोणी उचलायचं नाही. आता उचलाल ते एकदाच, आणि ते बघायला मी नसेन.’ हे ताटावर चिडले, की जेवताना असलं अभद्र काय बोलतेस. मी मात्र मान खाली घालून हसले.

स्कूटर त्यानंतरची. बाजूला दोन जादा चाकं, ब्रेक हातात. तिच्यावर बसून तुम्ही रोज सकाळी मार्केटमध्ये तुमच्या एसटीडी बूथवर जायचात. अपंगांच्या कोट्यातून मिळालेला तो बूथ म्हणजे एक काचेची केबिन, एक पिवळी पाटी आणि तुमची खुर्ची. बिहार, केरळ, बंगाल, कुठकुठून नव्या नोकऱ्यांसाठी आलेली माणसं रविवारी तुमच्यासमोर रांग लावायची. कोणाची भाषा तुम्हाला यायची नाही, पण कोणाच्या आईला बरं नाही आणि कोणाचं लग्न मोडलं, हे सगळं तुम्हाला ठाऊक. मुक्ताच्या मैत्रिणी तुम्हाला बुआजी म्हणायला लागल्या आणि बघता बघता तुम्ही साऱ्या कॉलनीच्या बुआजी झालात. ज्या बाईने वीस वर्षं खिडकीतून गल्ली बघितली तिला आता कोपऱ्यावरून घरी यायला तास लागायचा, कारण दर दहा पावलांवर कोणीतरी थांबवायचं.

पण कॉलनीबाहेर पडलं की पुन्हा ये माझ्या मागल्या. हरिद्वारला गेलो तर धर्मशाळेच्या खोल्या माडीवर. घाटावर पोचायचं तर कोणीतरी उचला. तुम्ही व्हॅनमध्येच बसून राहायचात आणि आम्ही दर्शन घेऊन येईपर्यंत सगळ्यांच्या चपला सांभाळायचात. दुसऱ्यांदा असं झाल्यावर हे घरी आल्याबरोबर इलियास मिस्त्रींकडे गेले.

इलियासभाईंनी बनवलेल्या त्या कॅरियरचं कौतुक अजून माझ्या मनातून जात नाही. व्हॅनच्या मागे बोल्टने आवळलेला लोखंडी मंच, जमिनीपासून हातभर उंच. बाजूने फळी लावायची, स्कूटरचं एक जादा चाक सुटं करायचं, पहिल्या गिअरमध्ये तिला हळूहळू वर आणायची, आडवी उभी करायची आणि बांधायची. मागे दार उघडायचं नाही म्हणून आम्ही बाजूच्या दाराने चढायचो. आतली सीट काढून गादी टाकली, स्टोव्ह, डबे, पाण्याचा कॅन. माडीवरच्या खोल्यांची गरजच उरली नाही, आपलं घर आपल्याबरोबर आणि तेही तळमजल्याचं. मागे एवढं वजन पडलं की व्हॅनचं नाक उचललं जायचं, म्हणून तुम्ही पुढे बसायचं असा इलियासभाईंचा दंडक होता. ‘माझं वजन कधी कोणाच्या उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं,’ तुम्ही म्हणालात.

स्कूटरमुळे मागचा नंबर झाकला जायचा. ह्यांनी तोच नंबर पत्र्यावर रंगवून स्कूटरला टांगला होता, तरी बॉर्डरवर एका हवालदाराने अडवलंच. ‘ये क्या है मैडम, गाड़ी के पीछे गाड़ी?’ तेव्हा मी नुकती गाडी चालवायला शिकले होते, माझी बोबडी वळली. तुम्ही काच खाली केलीत. ‘भैया, आगे वाली इनकी है, पीछे वाली मेरी। दोनों अपनी-अपनी गाड़ी से जा रहे हैं।’ त्याने वाकून तुमचे पाय पाहिले, मग स्कूटर पाहिली, आणि सलाम ठोकला. तुम्हाला सलाम झाला याचं मला त्या दिवशी तुमच्याइतकंच सुख झालं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आणि ते लुगड्याचं भांडण. दोराने रंग खरवडतो म्हणून सासूबाईंची जुनी सुती लुगडी आपण बांधायला घेतली होती. नऊ वार, तीन वेढे सहज बसायचे. त्या दिवशी गढमुक्तेश्वरला निघायचं होतं. लुगडं ऑइलने माखलेलं, मला ते बघवेना, मी पहाटे उठून धुतलं आणि ओलंच आवळून बांधलं. असं घट्ट बसलं की बोट शिरू नये. हापूडच्या पुढे उन्हावाऱ्याने ते वाळलं, सैल पडलं, आणि एका खड्ड्यात स्कूटर मागच्या मागे रस्त्यावर. मागून येणारा ट्रॅक्टरवाला सावध होता म्हणून निभावलं. ह्यांनी आपल्याला दोघींना समजावलं, की ओलं सूत आखडतं आणि वाळलं की ढिलं पडतं. पण ऐकतंय कोण. तुमचं म्हणणं, शैलाने साडी नेसल्यासारखी गाठ मारली. माझं म्हणणं, गाठ तुम्ही सांगितली तशीच मारली, स्टुलावरून. बारा वर्षं आपण हे भांडण पुरवून पुरवून खाल्लं. पाहुणे आले की तुम्ही मुद्दाम विषय काढायचात. तुम्हाला न भांडता गप्प बसता येतं हे मला माहीतच नव्हतं.

वन्सं, आता मी ग्वाल्हेरच्या गोष्टीवर येते. सोळा दिवस मी त्याच्याभोवती घिरट्या घालते आहे.

तुमचं लहानपण ग्वाल्हेरचं. तिथेच तुमचे पाय गेले. शाळेत तुम्हाला काका कडेवर न्यायचे, मोठ्या झाल्यावर पाठीवर. त्या गल्लीत तुम्हाला बघून लोक म्हणायचे, आलं पार्सल. हे तुम्ही मला हसत हसत सांगितलं होतं, पण एकदाच. काकांच्या नातीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा ह्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. तुम्ही पत्रिका वाचली आणि म्हणालात, ‘शैला, या वेळी त्या गल्लीत मी माझी मी जाणार. हॉर्न वाजवत.’ गल्ली अरुंद आहे, व्हॅन शिरत नाही, पण स्कूटर बिल्कुल जाईल, याची तुम्ही फोनवरून तिथल्या चुलत भाच्याकडून खात्री करून घेतलीत. स्कूटरला नवे आरसे बसवून घेतलेत. सीटला नवं कव्हर शिवायला टाकलंत. पंधरा दिवस बूथवर येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगत होतात, की मी लग्नाला चालले आहे.

निघायच्या दोन दिवस आधी मी स्वयंपाकघरातून बाहेरही न येता तुम्हाला म्हटलं, ‘वन्सं, कॅरियरच्या वेल्डिंगला तडा गेलाय. इलियासभाई गावाला गेलेत. एवढ्या लांबची रिस्क नको.’

तडा गेलेला नव्हता. इलियासभाई गावाला गेले होते की नव्हते, मी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी उत्तरं तयार करून ठेवली होती. तुम्ही म्हणाल दाखव, मी म्हणेन खाली वाकून बघावं लागतं. तुम्ही म्हणाल दुसरा मिस्त्री आण, मी म्हणेन वेळ कुठे आहे. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. बाहेरून एवढाच आवाज आला, ‘अच्छा. मग राहू दे.’ मी पोळी लाटत राहिले.

का बोलले असेन मी ते? दमले होते हे खरं आहे. ह्यांच्यानंतर ती फळी, ती स्कूटर, तो रस्ता, सगळं माझ्या एकटीच्या अंगावर आलं होतं आणि माझी कंबर धरलेली असायची. पण एवढंच असतं तर मी तुम्हाला सांगून मोकळी झाले असते, आणि तुम्ही चार शिव्या घालून दोन माणसं बोलावली असती. खरं कारण दुसरं होतं. ह्यांच्यानंतर मी पहिल्यांदाच चार नातेवाइकांत जाणार होते. मला डोळ्यांपुढे दिसत होतं, की सगळी वऱ्हाडी मंडळी बाहेर येऊन उभी आहेत, आणि एक विधवा बाई पदर खोचून, हाताला ग्रीस लावून, व्हॅनच्या मागून स्कूटर उतरवते आहे, आणि दुसरी स्टुलावर बसून ओरडते आहे. सगळे बघताहेत. मला ते नको होतं. एका लग्नापुरतं मला चांगली साडी नेसून, पाहुणीसारखं, बाकीच्या बायकांसारखं उतरायचं होतं.

मी तशी उतरले. गल्लीच्या तोंडाशी व्हॅन थांबली, कुबड्यांवर जायला घर फार आत होतं, म्हणून तुमचे दोन चुलत भाचे प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले, तुम्हाला तीत बसवलं आणि खांद्याच्या उंचीला उचलून गल्लीतून नेलं. मी मागून पिशव्या घेऊन चालत होते. तुम्ही दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले होते. एका ओट्यावरून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘अरे, ही तर आपली तीच. अजून उचलूनच आणावं लागतं का?’ तुम्ही त्यांना नमस्कार केलात.

त्या जुन्या घरात जागोजाग पायऱ्या, कुबड्यांचं काही चालेना; तीन दिवस तुम्ही मांडवातल्या एका खुर्चीवर होतात. कोणी ताट आणून दिलं तर जेवलात, कोणी नेलं तर न्हाणीघरात गेलात. तुमची शाळा त्या घरापासून दोन गल्ल्यांवर होती, तीही राहिली. शेवटच्या दिवशी तुमच्या काकू माझा हात धरून सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘किती करतेस गं नणंदेचं. अशी भावजय मिळायला भाग्य लागतं.’ मी तुमच्याकडे बघायचं टाळलं. तुम्ही शेजारीच होतात. तुम्ही म्हणालात, ‘हो, भाग्य तर आहेच.’

ते कसं म्हणालात, सरळ की तिरकं, हे मी नंतर हजारदा आठवून पाहिलं. परतताना आग्र्यापर्यंत तुम्ही बोलला नाहीत, आणि मग म्हणालात, ‘चहा घेऊ या का?’ त्यानंतर ग्वाल्हेरचं नाव तुमच्या तोंडून कधी निघालं नाही. तुम्हाला कळलं होतं का, हा एकच प्रश्न मी सहा वर्षं उशाशी घेऊन झोपत आले. विचारायची सोय नव्हती, कारण विचारणं म्हणजेच सांगणं.

पुढे माझी पंचाईत अशी झाली, की एकदा तडा गेला म्हटल्यावर तो भरून कसा आणायचा. इलियासभाईंना बोलावलं तर ते म्हणणार, कुठे आहे तडा. म्हणून मी आज बोलावते, उद्या बोलावते करत दोन महिने ढकलले. स्कूटर कॉलनीतच फिरत राहिली. तुम्हीही विषय काढला नाहीत. मग एका दुपारी मी भाजी घेऊन परत येते तो काय, इलियासभाई आपल्या दारात, वेल्डिंगच्या वायरी गुंडाळताहेत, आणि जळक्या लोखंडाचा वास सुटलेला. तुम्ही बूथवरून फोन करून त्यांना बोलावलं होतं. तुम्ही स्टुलावरून म्हणालात, ‘झालं बघ शैला. तडा भरून घेतला. आता रविवारी कुठे जायचं ते सांग.’ इलियासभाई माझ्याकडे न बघता चहा प्यायले.

आणि मी काय समजले असेन? मी समजले, की खरोखरच तडा असणार. मी खोटं बोलायला गेले आणि देवाने ते खरं करून माझी लाज राखली. संध्याकाळी मी देवापुढे दोन उदबत्त्या जास्त लावल्या. वन्सं, आज लिहितानाही मला त्या उदबत्त्यांची शरम वाटते.

नंतरची वर्षं चांगली गेली. मोबाइल आले, तुमचा बूथ बंद पडला, काचेच्या केबिनमध्ये आता रिचार्ज कूपनवाला बसतो. तुम्ही म्हणालात, ‘चला, आता रोजच रविवार.’ ब्रिजघाट, मथुरा, कुरुक्षेत्र, आपण दोघी फिरलो. घाटाच्या अगदी पाण्यापर्यंत तुम्ही स्कूटर नेलीत आणि तिथून मला ओरडून सांगितलंत, की पाणी गार आहे. गेल्या महिन्यातही आपण निघणारच होतो. स्कूटर चढवून झाली होती, डबे भरून झाले होते, आणि तुम्हाला ताप आला. हॉस्पिटलात चौथ्या दिवशी तुम्ही जरा शुद्धीवर होतात. मी ठरवलं, आज सांगायचं. तुमच्या कानाशी वाकून मी म्हटलं, ‘वन्सं, ते कॅरियर…’ तुम्ही म्हणालात, ‘स्कूटरवर कव्हर घातलंस का? दव पडतं.’ मी म्हटलं, घातलं. घातलेलं नव्हतं. शेवटचं तुमच्याशी बोलले तेही खोटंच.

तर आज सेक्रेटरी गेल्यावर मी इलियासभाईंना फोन लावला. ते भेटायला येऊन गेले नव्हते, तुम्ही गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. दुपारी आले. बराच वेळ व्हॅनपाशी उभे राहिले, दोन्ही हात समोर धरून त्यांनी तुमच्यासाठी दुआ मागितली. मग म्हणाले, ‘भाभीजी, आप क्लच सँभालो, मैं बोलता हूँ।’ ते बोलत गेले, मी ब्रेक सोडत गेले, आणि स्कूटर खाली आली. त्यांची डावी आणि माझी डावी एकच होती, एकदाही चुकलं नाही.

फळी आत ठेवताना मी सहज विचारलं, खरंच सहज, ‘इलियासभाई, वो जो टूटा था, उस जोड़ में ज़ंग तो नहीं लगा?’

ते खाली वाकले, हात फिरवून पाहिला, आणि म्हणाले, ‘ये? ये टूटा कहाँ था भाभीजी।’

मी फळी होती तिथेच टेकवली.

‘उस दिन मैंने हथौड़ी मारके देखा, एकदम साबुत। मैंने कहा दीदी, इसमें कुछ नहीं है। कहने लगीं, नहीं है तो भी लगा दो एक टाँका। भाभी को फ़िकर रहती है, इसके बिना वो गाड़ी नहीं निकालेंगी।’ त्यांनी हात पुसले. ‘और बोलीं, उनके सामने मत कहना। अब वो रहीं नहीं, तो कह दिया। बुरा तो नहीं माना आपने?’

मी म्हटलं, नाही. त्यांना चहा केला. ते गेल्यावर मी व्हॅनच्या मागे खाली बसले, तिथेच, धुळीत, आणि त्या जोडावर बोट फिरवलं. साबूत लोखंडावर एक जाड, ओबडधोबड टाका.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी सांगितलं त्या दिवशीच तुम्ही कुबड्या घेऊन मागे जाऊन बघून आला असणार, तुम्ही काही न बघता सोडणाऱ्यातल्या नव्हतात. तडा नाही हे माहीत असून तुम्ही त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलात. त्या ओट्यावरच्या म्हाताऱ्याला नमस्कार केलात. भाग्य तर आहेच, म्हणालात. आणि घरी आल्यावर मी माझ्या खोट्यात अडकून पडलेली बघून, मला बाहेर यायला वाट हवी म्हणून मिस्त्री बोलावलात.

मला तुमचा राग आला, वन्सं. अजून आहे. लुगड्याच्या एका गाठीवरून माझ्याशी बारा वर्षं भांडलात, आणि यावर एक शब्द नाही. मला धरून विचारायचं होतं. शैला, तुला माझी लाज वाटली का, असं तोंडावर विचारलं असतंत तर मी रडले असते, पाय धरले असते, आणि दुसऱ्या दिवशी मी गाडी काढून तुम्हाला ग्वाल्हेरला नेलं असतं, लग्न असो की नसो. त्या गल्लीतून तुम्ही हॉर्न वाजवत गेला असतात. तुम्ही मला सांभाळून घेतलंत, आणि सांभाळून घेताना ते राहून गेलं. तुमच्या मोठेपणाचे आभार कसे मानतात ते मला येत नाही. आपण दोघीच होतो या घरात, समोरासमोर बसून जेवत होतो, आणि एकच गोष्ट दोघी एकमेकींपासून लपवत होतो.

त्या गल्लीत उचललं पोरांनी, पण उचलायला लावलं मी. तुम्ही एकच मागणं मागितलं होतं या घराकडे, आणि ते मी मोडलं.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्यांची गाडी एका वळणात बाहेर काढली आणि काचेतून हात करून मला थँक्यू म्हटलं. मीही हात केला. आता घरात आले आहे, दार लावलं आहे, टीव्ही बंद आहे. मुक्ताला फोन करून हे सांगता येणार नाही. इलियासभाईंनाही नाही. ज्या एका माणसाला हे सांगायला हवं होतं ते आधीपासून सगळं जाणून होतं, आणि तरी त्यालाच सांगायचं राहिलं आहे. म्हणून मघाशी तुमच्या खोलीच्या दारात उभी राहून मी मोठ्याने म्हटलं, आणि इथे पुन्हा लिहिते. वन्सं, कॅरियरला तडा गेला नव्हता. मला तुमच्याबरोबर दिसायची लाज वाटली होती.